सोप्या वाटेचा धबधबा बघायला जायचंय? मग प्लॅनिंग वरच्या बाजूने सुरू करा

धबधब्याला पहिल्यांदाच निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गाडी अगदी जवळपर्यंत जाते ना? प्रश्नात चूक काहीच नाही, बरोबर लहान मुलं असतात, कुणाचे गुडघे दुखत असतात, सगळ्यांनाच काही दोन तास डोंगर चढायचा नसतो, आणि जगात असे भरपूर धबधबे आहेत जिथं पार्किंगमधून निघालं की पाच-दहा मिनिटांत समोर पांढरं पाणी दिसतं. आइसलँडमधला स्कोगाफॉस बघा, ६० मीटर उंच, आणि सपाट जागेवरून चालत जाऊन थेट पायथ्याशी उभं राहता येतं. पण गाडीच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा तो म्हणजे ह्या धबधब्यात पाणी येतं कुठून? पाऊस, वितळणारा बर्फ, मोठी बारमाही नदी की वरचं धरण? कुठल्या महिन्यात जायचं, दिवसातल्या कुठल्या वेळी जायचं, पाण्यात उतरायचं की नाही, ह्यातलं बरंचसं ह्या एका उत्तरावर ठरतं. म्हणून खाली जे स्टेप बाय स्टेप लिहितोय त्याची सुरुवात धबधब्याच्या वरून आहे.

स्टेप १ : वर काय आहे ते बघा

मोबाईलवर सॅटेलाइट मॅप उघडा, धबधब्यावर पिन टाका आणि तिथून नदी किंवा ओढा धरून उलटं वर वर सरकत जा. दहा मिनिटांचं काम आहे पण फारसं कुणी करत नाही. ओढा दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात संपला तर पाणलोट क्षेत्र छोटं, म्हणजे हा धबधबा पावसावर जगतो. वर जाता जाता मोठा निळा जलाशय लागला तर धरण आहे. वर बर्फाचे डोंगर दिसले तर उत्तर मिळालंच.

पावसावरच्या धबधब्याचं वागणं तसं साधं, वर पाऊस झाला की फुगतो आणि थांबला की ओसरतो, पण छोट्या ओढ्यावरचा असेल तर दोन-चार दिवस कडक ऊन पडलं की बारीक धार होऊन जातो आणि तोच तासाभराच्या जोरदार सरीत एकदम भरतोही. मोठ्या नदीवरचा हळू चढतो आणि हळू उतरतो. त्यामुळे छोटा धबधबा बघायला सगळ्यात चांगला दिवस म्हणजे चांगला पाऊस पडून गेल्यानंतरचा, उघडीप असलेला. पाऊस कोसळत असतानाचा दिवस त्यासाठी नाही, भले त्या दिवशी पाणी जास्त का असेना.

बर्फाच्या पाण्याचा हिशोब वेगळा. कॅलिफोर्नियातला योसेमिटी धबधबा तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर उंच आहे, मे-जूनमध्ये वरचा बर्फ जोरात वितळतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त पाणी असतं आणि उन्हाळा संपता संपता बऱ्याच वर्षी तो पार आटतो. सुट्टी ऑगस्टअखेरची काढून गेलेली माणसं नुसता कडा बघून परत येतात, आणि कडाही सुंदरच आहे म्हणा, पण त्यासाठी ती गेलेली नसतात. बर्फाच्या ओढ्यांचं अजून एक आहे, त्यांना दिवसाची लय असते. ऊन लागून बर्फ वितळायला आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो म्हणून सकाळी कमी पाणी आणि दुपारनंतर जास्त. सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना तसाच सापडेल असं धरून चालू नका.

धरणाखालचे किंवा वीजप्रकल्पाचे धबधबे तर चक्क वेळापत्रकावर चालतात. नायगराचंच घ्या. अमेरिका आणि कॅनडामध्ये १९५० साली करार झाला, त्यानुसार पर्यटनाच्या सीझनमध्ये दिवसा सेकंदाला कमीत कमी १,००,००० घनफूट पाणी कड्यावरून जाऊ द्यावं लागतं आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मं चालतं, बाकीचं पाणी वीज करायला वळवतात. कर्नाटकात शरावती नदीवरचा जोग २५३ मीटरचा, पण वर लिंगनमक्की धरण आहे त्यामुळे कोरड्या महिन्यांत राजा, राणी, रोअरर, रॉकेट ह्या चारही धारा अगदी किरकोळ होऊन जातात. अशा ठिकाणी जाण्याआधी सध्या विसर्ग चालू आहे का एवढं विचारून घ्या. आणि धरणाखालच्या पात्राची खास भीती अशी की आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकतं, कारण ते कुणीतरी सोडलेलं असतं. भोंगा, धोक्याचे बोर्ड काही दिसलं ऐकलं तर ते आपल्यासाठीच आहे असं समजा.

जास्त पाणी म्हणजे जास्त मजा हे सुद्धा नेहमी खरं नसतं. आफ्रिकेत झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा साधारण १७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच, एप्रिलच्या आसपास झांबेझी नदी फुल्ल असते तेव्हा तुषारांचा एवढा मोठा ढग उठतो की समोर उभं राहून धबधब्याचा तळ दिसत नाही, माणूस चिंब भिजतो आणि आवाजच ऐकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गेलं तर झांबियाच्या बाजूला बराच कडा उघडा पडलेला असतो. दोन्हीच्या मधले महिने बघायला बरे. तुमच्या धबधब्यालाही असा एक मधला काळ असतोच, तो शोधा.

शोधायचा कसा, तर फोटोंवरून, पण सगळ्यात भारी फोटोंवरून नव्हे. मॅपवर लोकांनी टाकलेले फोटो तारखेप्रमाणे लावा आणि तुम्ही जाणार त्याच महिन्यातले मागच्या दोन-तीन वर्षांचे बघा. पहिल्या पानावर झळकणारा फोटो बहुधा वर्षातल्या सगळ्यात जोरदार आठवड्यातला असतो.

स्टेप २ : "सोपा" म्हणजे कुणासाठी सोपा?

हे जरा खोदून विचारा, कारण "जवळच आहे" मध्ये फक्त अंतर असतं, पायऱ्या नसतात. धबधब्याचा पायथा बहुतेक वेळा रस्त्यापेक्षा खाली असतो, म्हणजे जाताना उतार, सगळे हसत खेळत जातात, आणि येताना दमलेल्या ओल्या अंगाने चढ. डोंगरावर उलटं असतं, तिथं दमलात तर निदान उतरायचं असतं. तेव्हा ज्येष्ठ माणसं असतील तर किलोमीटर विचारू नका, पायऱ्या किती, रेलिंग आहे का, मध्ये बसायला जागा आहे का, टॉयलेट वर आहे की खाली हे विचारा. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर शेवटचे पन्नास मीटर कसे आहेत हेच महत्त्वाचं, आधीचा सगळा गुळगुळीत रस्ता असून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे तुम्हाला नेमकं कुठून बघायला मिळणार हे आधी कळू द्या. धबधबा वरून दिसतो, पायथ्यावरून दिसतो नाहीतर समोरच्या बाजूने दिसतो, आणि तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरून बघणं सगळ्यात सोपं वाटतं कारण रस्ता तिथूनच जातो पण वरून धबधबा खरा दिसतच नाही, पाणी कड्यावरून गायब होताना दिसतं एवढंच, आणि लोक मग दिसावं म्हणून कडेला सरकतात. अपघात तिथंच होतात. समोरचा व्ह्यू पॉइंट असेल तर डोळे झाकून तोच निवडा, अख्खा धबधबा एका नजरेत येतो आणि पाय कोरडे राहतात.

जाताजाता नियमही बघून घ्या, तिकीट आहे का, वेळ बुक करावी लागते का, पोहायला परवानगी आहे का. अमेरिकेत ओरेगनमध्ये मल्टनोमा नावाचा धबधबा आहे, रस्त्याला लागूनच, आणि गर्दी एवढी की मधल्या काही उन्हाळ्यांत आधी वेळ बुक करून जावं लागलं आहे. क्रोएशियातल्या प्लिटवित्सेत लाकडी फळ्यांच्या वाटेवरून धबधब्यांच्या अगदी जवळून चालता येतं पण पाण्यात उतरायला बंदी. आइसलँडच्या सेल्यालान्सफॉसला पाण्याच्या मागून जाणारी वाट आहे पण हिवाळ्यात बर्फ साचला की बंद करतात. तिथं पोचल्यावर हे कळलं तर दिवसाचा मूड जातो, म्हणून घरीच बघा.

स्टेप ३ : दिवस आणि तास

सुट्टी सोडून मधला वार मिळाला तर उत्तम, नाहीच मिळाला तर सकाळी लवकर. सोप्या धबधब्यांचं मोठं दुखणं गर्दी हेच आहे, आणि ती साधारण नाश्ता उरकून निघालेली असते म्हणून उशिरा सकाळपासून पुढे वाढत जाते. तुम्ही तिच्या आधी पोचा, म्हणजे पार्किंगही मिळेल आणि पायऱ्यांवर समोरासमोर धक्काबुक्कीही होणार नाही.

पण लवकर म्हणजे किती लवकर, तर ते कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर ठरतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या धबधब्यावर सकाळी ऊन येतं, पश्चिमेकडच्यावर दुपारनंतर. खोल घळीतल्या धबधब्यावर तर ऊन जेमतेम तास-दोन तास पडतं. मॅपवर दिशा कळते, अगदीच हौस असेल तर सूर्याची जागा दाखवणारी ॲप्स असतात.

इंद्रधनुष्य बघायचंय? मग थोडं गणित. सूर्य तुमच्या पाठीशी हवा आणि तुषार समोर. तुमच्या डोक्याची सावली जिथं पडते त्या बिंदूभोवती ४२ अंशांवर इंद्रधनुष्याचं कडं असतं. हात पूर्ण लांब करून पसरलेली वीत साधारण २० अंशांची भरते, म्हणजे सावलीपासून दोन विती मोजा आणि तिथं तुषार आहेत का बघा. ह्यातूनच पुढचं कळतं, पायथ्याशी उभं राहून वर बघणार असाल तर सूर्य खाली असताना म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी जायला हवं, कारण सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की धनुष्य क्षितिजाच्या खाली जातं. मात्र तुम्ही उंच व्ह्यू पॉइंटवर असाल आणि तुषार तुमच्या खाली असतील तर भर दुपारीही खाली घळीत ते सापडतं, कधी कधी अर्ध्यापेक्षा जास्त गोल. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशातही होतं हे, व्हिक्टोरिया आणि योसेमिटी त्यासाठी प्रसिद्ध आहेत, फक्त डोळ्यांना ते पांढुरकं दिसतं कारण एवढ्या कमी उजेडात आपल्याला रंग नीट दिसत नाहीत, कॅमेऱ्यात मात्र रंग येतात.

परतीची वेळसुद्धा आत्ताच ठरवा. घळीत अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो, तेव्हा सूर्यास्ताच्या निदान दीड-दोन तास आधी वर यायला निघायचं असं सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर "अजून पाच मिनिटं" संपत नाहीत.

स्टेप ४ : बॅग

सोप्या ठिकाणी जायचं तर बॅग छोटीच हवी, पण तीन गोष्टी सोडू नका : बूट, कोरडे कपडे, कोरडा मोबाईल.

बूट किंवा सँडल, मागून पट्टा असलेली आणि खाली खोल खाचांचं रबर असलेली. साध्या चपला ओल्या दगडावर पायातून निघतात, गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज त्याहून वाईट कारण ते घातल्यावर आपल्याला उगाच आत्मविश्वास येतो. नवीन बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका.

कोरड्या कपड्यांचा एक सेट प्रत्येकाचा, टॉवेल आणि एक जाड काहीतरी. पाण्यात उतरणार नाही म्हटलं तरी तुषारांनी अर्ध्या तासात भिजायला होतं, आणि धबधब्याजवळ वारा कायम असतो कारण पडणारं पाणी हवा ढकलत असतं, त्यामुळे ओल्या अंगाला थंडी लवकर वाजते, लहान मुलांना तर जास्तच. छत्री नका नेऊ, त्या वाऱ्यात ती उलटते आणि एक हात कायमचा अडकतो. रेनकोट किंवा पोंचो बरा.

मोबाईलला वॉटरप्रूफ पाऊच, नाहीतर साधी झिपची पिशवी, आणि लेन्स पुसायला कोरडं मऊ कापड, दोन न्या कारण पहिलं भिजतंच. ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. बाकी मग प्यायचं पाणी, थोडं खायला, चिकटपट्ट्या, रोजच्या गोळ्या, कचऱ्यासाठी पिशवी, आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला ते पुढे सांगतो. ओलसर जंगलातून वाट जात असेल तर जळवा असतील, मोजे पँटवर ओढून घ्या, चिकटलीच तर ओरबाडू नका, नख तिच्या तोंडाखाली सरकवून सोडवा आणि जखम धुवा.

धबधब्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी प्यायचं नाही. वर गुरं असतात, वस्ती असते, आपल्याला दिसत नाही.

स्टेप ५ : आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी

हवामान बघताना धबधब्याच्या गावाचं बघून थांबू नका. स्टेप १ मध्ये तुम्ही मॅपवर जिथपर्यंत वर गेला होतात तिथलं बघा. दहा-वीस किलोमीटर वर ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि खाली लख्ख ऊन असलं तरी ते पाणी तुमच्याकडेच येणार असतं. वर जोरदार पावसाचा किंवा विजांचा इशारा असेल तर बेत बदला, पुढे ढकला, त्याच भागातलं दुसरं काहीतरी बघा. असा प्लॅन बी आधीच ठरवलेला असला तर बदलायला जीवावर येत नाही, हे फार कामाचं आहे कारण लोक धोका कळत नाही म्हणून अडकतात त्यापेक्षा जास्त वेळा एवढं लांब आलोय तर बघूनच जाऊ म्हणून अडकतात.

कुठं जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन करू हे घरी कुणालातरी सांगून ठेवा. घळीत रेंज नसतेच म्हणून धरा. ११२ हा आपत्कालीन नंबर बऱ्याच देशांत चालतो आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या नेटवर्कची असेल तर लागू शकतो, पण कुठलीच रेंज नसेल तर तोही लागणार नाही.

स्टेप ६ : पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

मोबाईल खिशात ठेवा आणि नुसतं बघा. पाणी आत्ता कुठपर्यंत आहे, आणि पूर्वी कुठपर्यंत आलं होतं? झुडपांत अडकलेल्या काटक्या, वाळलेला पालापाचोळा, दगडावरची मातीची रेघ, हे सगळं जुन्या पाण्याची उंची सांगतं. ती रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल तर तुम्ही उभे आहात ती जागा पात्रच आहे, जेवणाची चादर तिथं पसरायची नाही. मग पाणी वाढलं तर कुठल्या बाजूने वर चढायचं ते बघून ठेवा, आणि ती बाजू पाणी ओलांडायला न लागणारी असावी. एखादा दगड खूण म्हणून धरा, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर असलेला, अधूनमधून त्याच्याकडे नजर टाकायची.

आता शिट्टी. धबधब्याजवळ आवाज एवढा असतो की दहा-पंधरा पावलांवरून मारलेली हाकही कळत नाही, ओठ हलताना दिसतात आणि आपण हसून मान डोलावतो. म्हणून आधीच ठरवा, तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी हातातलं सोडून बाहेर, दोन्ही हात वर म्हणजे मदत. मुलांना हे खेळ म्हणून आवडतं. मुलांवर लक्ष ठेवायला एक मोठा माणूस नाव घेऊन नेमा, "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं.

स्टेप ७ : पाण्यात उतरायचं का

इथं जरा थांबून सांगतो, कारण सोप्या धबधब्याचा सगळा घोळ ह्या पायरीवर आहे. रस्ता सोपा केला, रेलिंग लावलं, पार्किंग बांधलं म्हणून पाणी सोपं होत नाही, ते आडरानातल्या धबधब्याइतकंच जोरात पडतं. आणि सोप्या ठिकाणी ट्रेकिंगची सवय नसलेली, पोहता न येणारी माणसं जास्त येतात.

पहिली गोष्ट धारेच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. पाण्याबरोबर दगड येतात, आणि २० मीटरवरून सुटलेला दगड खाली येईपर्यंत ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, हे शाळेतलंच गणित आहे. कडाही कायम झिजत असतो. मल्टनोमाला १९९५ साली कड्याचा प्रचंड मोठा तुकडा सुटून वरच्या डोहात पडला होता आणि उडालेल्या पाण्या-खड्यांनी माणसं जखमी झाली. हवाईतल्या सेक्रेड फॉल्सला १९९९ मध्ये दरड कोसळून ८ जण गेले, तेव्हापासून ती जागा बंदच आहे. पावसाळी दिवसांत किंवा गोठण-वितळणीच्या दिवसांत हा धोका जास्त कारण भेगांत पाणी शिरलेलं असतं.

दुसरी गोष्ट डोह. धारेखालचा डोह हा साधा तलाव नाही. वरून पडलेलं पाणी खाली जातं, तळाला लागून पुढे निघतं आणि पृष्ठभागावरचं पाणी परत धारेकडे ओढलं जातं, म्हणजे वर तरंगणारा माणूस धारेकडे सरकतो, तिथं खाली दाबला जातो, पुढे वर येतो आणि परत ओढला जातो. त्यात पांढऱ्या फेसाळ पाण्यात निम्मी हवा असल्याने ते नेहमीसारखं उचलून धरत नाही, चांगला पोहणाराही तिथं खाली जातो. म्हणून पांढरं पाणी दिसतं तो भाग सोडूनच द्या. खोलीचा अंदाज वरून येत नाही, कपारी असतात, बुडालेले ओंडके असतात, मागच्या वर्षी खोल असलेल्या ठिकाणी यंदा दगड येऊन बसलेला असतो. उंचावरून उडी मारणं तर विषयच नको.

तिसरी, थंडी. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात एकदम शिरलं की पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. तेव्हा हळूहळू, पाय, हात, मान ओली करत आत जायचं आणि श्वास ताब्यात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी काठावरच बरं.

चौथी, वाहतं पाणी. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटीमीटर वेगात वाहणारं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून "काल एवढंच तर पाणी होतं" ह्याला अर्थ नाही. आणि कड्याच्या वरच्या बाजूला, जिथून पाणी खाली पडतं तिथं, पाय धुवायलासुद्धा उतरायचं नाही, तिथला ओढा वरून शांत दिसतो, तळ मात्र पाण्याने घासून घासून काचेसारखा झालेला असतो.

मग करायचं काय, काहीच नाही का? तसं नाही. धारेपासून बरंच पुढे, जिथं पाणी पसरून उथळ आणि शांत झालंय, तळ दिसतोय, गुडघ्याखालीच आहे, खाली लगेच दुसरा कडा नाही आणि तिथं उतरायला परवानगी आहे, अशा जागी मनसोक्त बसा. अर्ध्याहून जास्त मजा तिथंच असते. दारू प्यायलेल्याने मात्र काठावरही नको, आणि हे ज्याला सांगावं लागतं त्याला ते पटत नाही म्हणून अशा माणसाला बरोबर नेतानाच विचार करा.

दगडांवर चालताना रंग बघा. हिरवा किंवा काळा चकचकीत दिसतो तो शेवाळाचा, कोरडा फिक्का आणि खरबरीत दिसतो तो बरा. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला, उडी मारत जायचं नाही. पडणार असं वाटलं तर खाली बसा, बसून सरकण्यात कमीपणा काही नाही.

आणि लोंढ्याच्या खुणा पाठ करून ठेवा : स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, पानं-काटक्या जास्त वाहून यायला लागतात, आवाज बदलतो, खोल घरघर येते, तुमचा तो खुणेचा दगड बुडतो. ह्यातली एक जरी खूण दिसली तरी सामान गोळा करत बसू नका, वर चढा, लगेच. पलीकडच्या काठावर अडकलात तर ओलांडायचा प्रयत्न करू नका, उंच जागी थांबून राहा, छोट्या ओढ्याचं पाणी बहुतेक काही तासांत ओसरतं.

कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. काठी, दोरी, ओढणी, रिकामी बंद बाटली, जे हाताला लागेल ते फेका आणि मदतीला ओरडा.

स्टेप ८ : फोटो

थोडक्यातच सांगतो. रेशमासारखं पाणी हवं असेल तर शटर साधारण पाव ते एक सेकंद आणि कॅमेरा स्थिर, ट्रायपॉड नाहीतर कठड्यावर टेकवून. थेंब थांबलेले हवे असतील तर १/५०० किंवा त्याहून वेगात. रेशमी पाण्यासाठी ढगाळ दिवस सगळ्यात भारी, कडक उन्हात फोटोत पाणी नुसतं पांढरंफटक येतं आणि दगड काळे पडतात. पोलरायझर असेल तर ओल्या दगडांची चकाकी कमी होऊन पानांचा हिरवा रंग उठतो, पण तोच फिल्टर फिरवताना इंद्रधनुष्य गायबही होतं, ते बघून फिरवा. बऱ्याच मोबाईलमध्ये लाँग एक्सपोजरची म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायची सोय असते. फोटो नसेल काढायचा तेव्हा लेन्स खाली तोंड करून ठेवा, आणि फ्रेममध्ये एखादा माणूस येऊ द्या, नाहीतर उंची कळतच नाही.

सेल्फी घेताना मागे सरकायचं नाही एवढा एकच नियम, पाय आधी पक्के करा मग मोबाईल वर. ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी लागते का ते आधी बघा.

स्टेप ९ : परत

ठरलेल्या वेळेला निघा. चढ सावकाश, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा म्हणजे बाकीचे आपोआप त्याच्या चालीने येतात. आणलेलं सगळं परत न्या, संत्र्याची सालं आणि ओले टिश्यूसुद्धा, आणि साबण-शांपू लावून तिथं अंघोळ तर अजिबात नको, ते पाणी खाली कुणीतरी वापरत असतं.

गाडीजवळ पोचल्यावर आधी ओले कपडे बदला मग सीटवर बसा. परतीच्या रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, ३० सेंटीमीटर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते आणि ६० मध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. खरचटलं असेल तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, पुढच्या आठवडा-पंधरा दिवसांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या फार दुखल्या तर डॉक्टरांना ओढ्याच्या पाण्यात उतरलो होतो हे सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) विचार त्यांना लगेच करता येतो. बूट घरी आल्यावर आतून कागद कोंबून वाऱ्याला ठेवा, कडक उन्हात ठेवले की तळ सुटतो.